लांब पल्ल्याच्या शर्यतीत पाणी किती प्यावे : तहान, घाम आणि वजनकाटा

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे आणि वजन ६२ किलो आहे. येत्या जानेवारीत मी मुंबईत पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे आणि साडेपाच तासांत पोहोचेन असा अंदाज आहे. गेल्या डिसेंबरात अर्धमॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पूर्ण केली. सुरुवातीपूर्वी लिटरभर पाणी प्यायले होते. वाटेत पाण्याची दहा टेबले होती, त्यांतले एकही चुकवले नाही आणि प्रत्येक ठिकाणी २०० मिलिलिटरची बाटली संपवली. तरीही शेवटी डोके दुखू लागले, मळमळले आणि बोटे सुजून अंगठी निघेना. आमच्या गटातील मंडळींच्या मते पाणी कमी पडले, म्हणून या वेळी आणखी प्यावे आणि मिठाच्या गोळ्याही घ्याव्यात. नेमके किती प्यावे?

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या आकड्यांची बेरीज आधी करू. सुरुवातीपूर्वी १ लिटर आणि वाटेत २ लिटर, म्हणजे सुमारे तीन तासांत ३ लिटर पाणी तुमच्या पोटात गेले. डिसेंबरातल्या गार पहाटे, तुमच्या वजनाच्या आणि तुमच्या वेगाने धावणाऱ्या व्यक्तीला ताशी ६०० ते ७०० मिलिलिटर घाम येतो असे धरले, तर २ तास ५० मिनिटांत जेमतेम २ लिटर पाणी बाहेर गेले. उरलेले लिटरभर पाणी कुठे गेले याचे उत्तर तुमच्या अंगठीने दिलेले आहे. हात तासन्‌तास लोंबते राहिल्यानेही धावपटूंची बोटे थोडी सुजतात, त्यामुळे केवळ सुजेवरून मी कोणतेही निदान करणार नाही. परंतु सूज, डोकेदुखी, मळमळ आणि ३ लिटरचा हिशेब हे सारे एकत्र पाहिल्यावर तुम्हाला पाणी कमी पडले नव्हते, जास्त झाले होते, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. म्हणून गटातील मंडळींचा सल्ला तुम्ही मुळीच पाळू नये, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. तो सल्ला सद्‌भावनेने दिलेला आहे, पण साडेपाच तासांच्या शर्यतीत तो तुम्हाला इस्पितळात पोहोचवू शकतो.

जास्त पाण्याने नेमके काय बिघडते ते समजून घ्यावे. रक्तातील सोडियमचे, म्हणजे मिठातल्या एका घटकाचे, प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल (क्षार मोजण्याचे एकक) या अरुंद पट्ट्यात राहणे शरीराला आवश्यक असते. तुमच्या शरीरात अंदाजे ३१ लिटर पाणी आहे. घामातून गेलेल्या सोडियमचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी या ३१ लिटरमध्ये नुसते ३ लिटर पाणी साठून राहिले तर १४० चा आकडा १२८ च्या आसपास उतरतो. पातळ झालेल्या रक्तातील पाणी पेशींमध्ये शिरते आणि पेशी फुगतात. बोटे फुगली तर अंगठी घट्ट होते, एवढ्यावर भागते. मेंदू मात्र कवटीत बंद असतो आणि त्याला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण, झटके, बेशुद्धी आणि क्वचित मृत्यू, असा या विकाराचा चढता क्रम आहे. वैद्यकीय भाषेत त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात.

मग जास्तीचे पाणी लघवीवाटे निघून का जात नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. घरी बसून लिटरभर पाणी प्यायले तर दोन-तीन तासांत ते बहुतेक बाहेर पडते. दीर्घकाळ धावताना मात्र शरीराचा ताण, मळमळ, वेदना यांमुळे व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढलेले राहते आणि ते मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवण्याचा हुकूम देते. नळ उघडा ठेवून मोरीला बोळा लावावा तशी ही अवस्था असते. शर्यतीच्या दिवशी ‘जास्त झाले तर जाईल लघवीतून’ हा घरगुती हिशेब म्हणूनच लागू पडत नाही.

मी गेली अठरा वर्षे लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत काम करतो आणि स्वतःही धावतो. काही वर्षांपूर्वी एका पूर्ण मॅरेथॉनच्या अखेरीस दोन स्वयंसेवकांनी पन्नाशीच्या आतल्या एका बाईंना आधार देत तंबूत आणले. त्या सहा तासांहून अधिक काळ वाटेवर होत्या. खाटेवर बसताच त्यांना उलटी झाली आणि पडले ते स्वच्छ, नितळ पाणी. जीभ ओली होती. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा मांसात रुतला होता आणि तो काढल्यावर खाली खोल चर दिसला. ‘माझी पिशवी कुठे आहे?’ हा एकच प्रश्न त्या दर मिनिटाला विचारत होत्या आणि दिलेले उत्तर त्यांच्या लक्षात राहत नव्हते. माझ्या तरुण सहकाऱ्याने तोवर सलाइनची बाटली टांगली होती, कारण थकून आलेल्या धावपटूला पाणी कमी पडलेले असणार असेच आपल्या सर्वांच्या मनात पक्के बसलेले आहे. मी त्यांच्या यजमानांना विचारले, ‘वाटेत पाणी किती घेतलं यांनी?’ ते अभिमानाने म्हणाले, ‘एकही टेबल सोडलं नाही डॉक्टर, मीच बजावून ठेवलं होतं.’ हातात मावणाऱ्या यंत्रावर रक्ताचा थेंब तपासला तेव्हा सोडियम १२४ निघाले. नेहमीचे सलाइन अशा रुग्णाला चढवले तर त्यातले पाणी शरीर धरून ठेवते आणि अवस्था आणखी बिघडू शकते. आम्ही ती बाटली उतरवली आणि ३ टक्के मिठाचे, म्हणजे नेहमीच्या तिप्पट तीव्रतेचे सलाइन १०० मिलिलिटर दिले, आणि दहा मिनिटांनी तेवढेच पुन्हा. अर्ध्या तासाने त्यांनी पिशवीचा क्रमांक स्वतःहून अचूक सांगितला, त्यानंतर भरपूर लघवी झाली आणि आम्ही त्यांना पुढील देखरेखीसाठी इस्पितळात पाठवले. त्यांचे यजमान बराच वेळ त्या उतरवलेल्या बाटलीकडे पाहत उभे होते. त्यांची चूक नव्हती. त्यांनी जे ऐकले होते तेच सांगितले होते.

हे त्यांनी कुठून ऐकले, याला इतिहास आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यांवर झाली आणि वाटेत पाणी मुद्दाम जवळजवळ ठेवलेच नव्हते. ३२ धावपटूंपैकी १४ जणच शेवटपर्यंत पोहोचले. धावताना पाणी पिणे हा दुबळेपणा आहे ही समजूत त्यानंतरही कित्येक दशके टिकली. पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात खेळाडूंसाठी मीठ-साखरेचे पेय तयार झाले, त्यातून मोठा उद्योग उभा राहिला, आणि तहान लागण्याची वाट पाहू नका, तहान लागली म्हणजे उशीर झालाच, हे वाक्य जगभर पसरले. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या १९९६ च्या मार्गदर्शनात तर घामाइतके किंवा सहन होईल तेवढे जास्तीत जास्त, ताशी ६०० ते १२०० मिलिलिटर, प्यावे असे म्हटले होते.

याच काळात पूर्ण मॅरेथॉनमध्ये चार, पाच, सहा तास घेणारे हौशी धावपटू मोठ्या संख्येने उतरू लागले होते. जलद धावपटूला ताशी १२०० मिलिलिटर पिणे शक्यच होत नाही, कारण त्याच्या पोटात तेवढे ठरत नाही आणि टेबलापाशी थांबायला त्याला वेळही नसतो. सावकाश धावणाऱ्याला वेळही असतो, वाटेत वीस-पंचवीस टेबलेही लागतात आणि घाम मात्र कमी येतो. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्या दरम्यान होणाऱ्या सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीतील हायपोनॅट्रेमियाच्या रुग्णांवर तिथलेच क्रीडावैद्यक डॉ. टिम नोक्स यांनी १९८५ मध्येच लिहिले होते, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका धावपटूचा याच विकाराने मृत्यू झाला. त्याच शर्यतीत ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले आणि त्यांतील १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याखाली आढळले. तिघांचे तर १२० किंवा त्याहूनही कमी होते. ज्यांचे वजन शर्यतीत वाढले होते आणि ज्यांना चार तासांपेक्षा जास्त वेळ लागला होता, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. त्या संशोधनातली माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी बाब ही की धावपटूंनी साधे पाणी घेतले की क्रीडापेय, याने फारसा फरक पडला नव्हता. फरक पडला तो एकूण किती घेतले याने. २००७ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेने आपले मार्गदर्शन बदलले, आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅड येथे जमलेल्या तज्ज्ञांनी तहान लागेल तसे प्यावे असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला.

तहान ही उशिरा वाजणारी घंटा आहे हे म्हणणे मला शरीरावर अन्याय करणारे वाटते. रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतील तहानेचे केंद्र जागे होते, आणि त्या वेळी शरीरातील पाण्याची तूट अजून किरकोळ असते. तूट होऊच नये हा हट्ट कशासाठी, हेही मला कधी उमगलेले नाही. हाइली गेब्रसेलासी या थोर धावपटूने २००९ ची दुबई मॅरेथॉन जिंकली तेव्हा शर्यतीदरम्यान त्याचे वजन सुमारे १० टक्क्यांनी घटले होते. आपण त्याचे अनुकरण करावे असे मी म्हणत नाही, कारण सामान्य धावपटूचा वेग आणि त्याहीपेक्षा त्याचा आनंद एवढ्या तुटीत टिकत नाही. पण एक-दीड किलो वजन कमी होऊन शर्यत संपणे हे अगदी निरोगी शरीराचे लक्षण आहे, एवढे त्यावरून ध्यानात यावे. शिवाय हे सारे वजन पाण्याचे नसतेही. स्नायूंमधील साठवलेली साखर जळते, प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर बांधलेले सुमारे ३ ग्रॅम पाणी मोकळे होते, आणि ती घट भरून काढण्याची शर्यतीत गरज नसते.

आता तुमच्यापुरता हिशेब. तुमचा घाम किती हे मला पत्रातून सांगता येणार नाही; व्यक्तीव्यक्तीत ताशी अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत फरक असतो. मात्र घरातला वजनकाटा ते सांगेल. १०० ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा काटा घ्या. धावायला निघण्यापूर्वी लघवी करून, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन करा आणि नोंदवा. शर्यतीच्या वेगाने बरोबर एक तास धावा आणि त्या वेळात प्यायलेले पाणी मोजून प्या. परत आल्यावर ओले कपडे उतरवून, अंग व केस टॉवेलने कोरडे पुसून पुन्हा वजन करा, कारण घामाने भिजलेल्या टी-शर्टमध्येच पाव किलो पाणी सहज लपलेले असते. समजा वजन ६२ किलोवरून ६१.५ झाले आणि वाटेत तुम्ही २०० मिलिलिटर प्यायला होतात, तर त्या तासाचा घाम ७०० मिलिलिटर. हे मोजमाप एकदा पहाटे सहाला आणि एकदा सकाळी नऊनंतर उन्हात, असे दोन्ही वेळा करावे. दोन आकड्यांतला फरक पाहून माझ्या बहुतेक शिष्यांना आश्चर्य वाटते. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पावसाळी धुक्यात धावताना येणारा घाम आणि ठाण्याच्या खाडीकाठी ऑक्टोबरात येणारा घाम यांना एकच नियम लावता येत नाही, हे वाचून पटण्यापेक्षा काट्यावर पाहून जास्त पटते.

मिळालेला आकडा हे पिण्याचे लक्ष्य समजू नका. ही तुमची कमाल मर्यादा आहे. तिच्या वर कोणत्याही तासात जायचे नाही, आणि तिच्या आत किती प्यायचे ते तहानेने ठरवायचे. तुमच्या शरीरयष्टीच्या धावपटूंचे तहानेप्रमाणे पिणे बहुधा ताशी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या आसपास येते. साडेपाच तासांत ते सव्वादोन ते पावणेतीन लिटर होईल, घाम पावणेचार लिटरच्या आगेमागे असेल, आणि तुम्ही एक-दीड किलो हलक्या होऊन पोहोचाल. तसेच व्हायला हवे.

मुंबईच्या शर्यतीची एक खास अडचण मी इथे सविस्तर सांगतो, कारण तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास, अंधारात सुटते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे पहिले दोन तास तुम्ही गार हवेत, ताज्या पायांनी आणि उत्साहात धावता. या काळात घाम बेताचा असतो आणि तहान जवळजवळ नसते, पण पाण्याची टेबले मात्र भरलेली असतात आणि शिकवलेला धावपटू पुढच्या उन्हाची बेगमी म्हणून प्रत्येक टेबलावर पीत सुटतो. शरीरात पाण्याची अशी बेगमी करता येत नाही. उंटालाही ती पाठीवर करता येत नाही, त्याच्या मदारीत चरबी असते. जलद धावपटू ऊन तापायच्या आत पोहोचलेले असतात. तुम्ही साडेदहाच्या सुमारास पोहोचाल, म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ उन्हात असाल, आणि तोही उत्तरार्धात, जेव्हा समुद्राकाठची दमट हवा घाम सुकू देत नाही. मार्गात वर्षागणिक थोडेफार बदल होतात, पण अनेक वर्षे पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर मागे पडल्यानंतर, नेमका ऊन तापल्यावर समोर येत असे आणि तिथे चांगले चांगले धावपटू चालू लागत.

म्हणून पहिल्या दोन तासांत तुम्ही टेबले निःशंकपणे सोडून द्यावीत, असे मी सांगेन. तोंड कोरडे वाटले तर दोन घोट घ्यावेत आणि पुढे जावे. सी लिंकवर समुद्राचा वारा लागतो, घाम लगेच सुकतो आणि आपल्याला घाम येतच नाही असे वाटते. तिथेही तहानेवरच विसंबावे. ऊन चढल्यावर तहान आपोआप वाढेल आणि तुमचे पिणेही वाढेल. त्या वेळी मात्र हात आखडता घेऊ नका. उत्तरार्धात तहान लागूनही वेळ वाचवण्यासाठी टेबल सोडणारे धावपटूही मी पाहिले आहेत आणि त्यांचे हाल वेगळे असतात : तोंडाला कोरड, नाडी जलद, वेग एकाएकी कोसळलेला.

पिण्याची पद्धतही शिकून घ्यावी लागते. घरी २०० मिलिलिटरची बाटली भरून ती किती घोटांत संपते ते मोजा. बहुतेकांच्या एका घोटात २५ ते ३० मिलिलिटर पाणी असते. एकदा हा घोट कळला की शर्यतीत मोजमाप हातात येते : चार घोट म्हणजे साधारण १०० ते १२० मिलिलिटर. बाटली उघडली म्हणून ती संपवलीच पाहिजे असा संस्कार आपल्यावर आहे, पाणी वाया घालवू नये हेही खरे आहे. तरी उरलेले पाणी डोक्यावर, मानेवर ओता, आणि तेही नको असेल तर बाटली हातात धरून पुढच्या टेबलापर्यंत न्या. कागदी पेला असेल तर त्याचे तोंड चिमटून पन्हळीसारखे करावे आणि दहा-बारा पावले चालत प्यावे, म्हणजे ठसका लागत नाही आणि हवा गिळली जात नाही.

सुरुवातीपूर्वीचे लिटरभर पाणी पूर्णपणे बंद करा. पहाटे उठल्यावर चहा आणि पेलाभर पाणी, सुटण्याच्या दोन तास आधी आणखी एक-दीड पेला, आणि मग थांबावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर तुम्ही तयार आहात. तो पाण्यासारखा पांढरा होईपर्यंत पीत राहण्याची गरज नाही.

मिठाच्या गोळ्यांविषयी तुम्ही विचारले आहे. त्यांच्याविरुद्ध माझा हट्ट नाही, पण त्यांच्यावर टाकलेला विश्वास मला चुकीचा वाटतो. घामात सोडियम असते, व्यक्तीनुसार लिटरमागे साधारण २० ते ८० मिलिमोल, म्हणजे रक्तातल्या प्रमाणापेक्षा बरेच कमी. धावल्यानंतर ज्यांच्या टोपीवर आणि कानशिलांवर मिठाचे पांढरे थर उमटतात त्यांचे मीठ जास्त जाते. अशांनी शर्यतीत थोडे खारट खावे हे योग्यच आहे. परंतु जास्त पाण्याने झालेली गडबड गोळीने निस्तरत नाही; मिठाने तहान मात्र वाढते आणि माणूस आणखी पितो. क्रीडापेयांचेही तसेच आहे. त्यांत लिटरमागे सोडियम बहुधा २० मिलिमोलच्या आसपास असते, रक्ताच्या तुलनेत सातवा हिस्सा, त्यामुळे ती प्रमाणाबाहेर प्यायली तर रक्त पातळच होते. त्यांचा खरा उपयोग साखरेसाठी आहे, आणि साडेपाच तासांच्या शर्यतीत ताशी ३० ते ६० ग्रॅम साखर कोणत्या ना कोणत्या रूपात लागतेच. ती पेयातून घ्या, खजुरातून घ्या किंवा रस्त्याच्या कडेला मुंबईकर ज्या मायेने संत्र्याच्या फोडी, चिक्की आणि बिस्किटे घेऊन उभे असतात त्यांच्या हातून घ्या. फक्त सरावात जे पोटाला मानवले तेच घ्या.

नारळपाणी धावण्यानंतर सुरेख लागते, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे असते, त्यामुळे घामाची भरपाई म्हणून ते अपुरे पडते. चिमूटभर मीठ घातलेले कोकम किंवा लिंबाचे सरबत त्या बाबतीत सरस आहे. जलसंजीवनीचे पाकीट वापरायचे असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे, लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियमचे आहे याची खात्री करावी आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. अर्ध्या बाटलीत अख्खे पाकीट ओतून दाट द्रावण पिणारे धावपटू हमखास ओकतात. त्या द्रावणातील साखर आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात असतील तरच आतडे दोन्ही एकत्र शोषून घेते आणि पाणी त्यांच्यामागे जाते, हे त्यामागचे साधे कारण आहे.

तुमच्या पत्रात नसलेली, पण मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी गोष्ट म्हणजे वेदनाशामक गोळ्या. गुडघा दुखू नये म्हणून सुरुवातीलाच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणारे लोक मला दर वर्षी भेटतात. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पाणी बाहेर टाकण्याची त्याची क्षमता घटवतात. शर्यतीच्या दिवशी त्या घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध किंवा नैराश्यावरील काही औषधे चालू असतील तर त्यांनीही सोडियम उतरू शकते; अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

पायात गोळे येणे आणि पाणी यांचा संबंधही लोक समजतात तितका सरळ नाही. गोळा येतो तो बहुधा सर्वांत जास्त वापरलेल्या स्नायूत, पोटरीत किंवा मांडीच्या मागे. सर्वांगात पाणी-मीठ कमी झाले असते तर तो एकाच पोटरीत का यावा? थकलेल्या स्नायूवरील मज्जातंतूंचे नियंत्रण बिघडते हे त्याचे जास्त पटणारे कारण आहे. थांबून स्नायू हळूहळू ताणावा, वेग कमी करावा. त्यासाठी बाटल्या रिकाम्या करू नयेत.

उष्माघाताचे भय दाखवून जास्त पाणी पाजले जाते, म्हणून त्याविषयीही लिहिणे भाग आहे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो किंवा कोसळतो. त्याचे मुख्य कारण दमट उन्हात झेपणार नाही असा वेग धरणे हे असते, आणि भरपूर पाणी प्यायलेल्या माणसालाही तो होतो. त्याला वाचवायचे तर बर्फाच्या पाण्यात ताबडतोब बुडवून गार करावे लागते आणि मगच इस्पितळात हलवावे लागते. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की ऊन चढल्यावर घड्याळाकडे न पाहता वेग कमी करावा.

अंतिम रेषा ओलांडल्यावर एकदम थांबू नका, पाच-दहा मिनिटे चालत राहा. रेषेपलीकडे जाऊन चक्कर येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे रक्त पायांत साठलेले असते; त्यांना आडवे करून पाय उंच ठेवले की ते पंधरा मिनिटांत उठून बसतात. रेषेच्या अलीकडेच कोसळणाऱ्याकडे मात्र आम्ही धावत जातो, कारण तिथे कारण बहुधा गंभीर असते. तुम्हाला तंबूत न्यावे लागले तर किती बाटल्या प्यायलात तो आकडा आधी सांगा आणि सलाइन लावण्यापूर्वी सोडियम तपासता येईल का, हे विचारा.

शर्यत संपल्यावर घटाघटा पिण्याचा मोह आवरा. पोटात राहिलेले पाणी शर्यतीनंतरच्या तासाभरात शोषले जाते आणि त्यामुळे लक्षणे कधी कधी घरी पोहोचल्यावर, गाडीत किंवा दुपारी झोपेत सुरू होतात. पहिली भरपूर लघवी होईपर्यंत नुसते पाणी न घेता वरण-भात, ताक, लोणचे असे खारट जेवण आणि तहानेपुरते पाणी घ्यावे. त्या दुपारी घरात एकट्या राहू नका. जो कोणी सोबत असेल त्याला आधीच सांगून ठेवा की डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, बोलण्यात घोळ होऊ लागला किंवा उठवूनही नीट जाग येईना, तर सरबत पाजत बसू नये, सरळ इस्पितळात न्यावे आणि दारातच सांगावे की ही सकाळी मॅरेथॉन धावली आहे, रक्तातले सोडियम बघा.